राणीछाप बरणीवरच्या दोन रेघा

शेळगाव,
ता. ९ जानेवारी १९५६

चि. कुंडलिक,

वडील बहिणीनं पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तो मी शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

सात वर्षांनी तुझं पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, "आक्का, बारामतीचं हाय, चांगलं जड हाय." मला वाटलं, भावाला बहीण आठवली. फोडून बघते तर छापील कागदांचा गठ्ठा आणि वर तुझ्या हातच्या चार ओळी. कारखान्याला पंचाहत्तर वर्षं पुरी होतायत, २६ फेब्रुवारीला बारामतीत समारंभ आहे, कारखान्याचा इतिहास छापून पाहुण्यांना वाटायचा आहे, आणि अप्पांच्या हातची, पदक मिळालेली बरणी माझ्याकडे आहे ती टेबलावर मांडायला हवी आहे. "बरणी गवतात नीट बांधून पाठवावी." गेल्या पावसाळ्यात मी ओसरीवरून पडून दोन महिने अंथरुणाला खिळले होते, त्याची चौकशी नाही. काळजी काय ती बरणीची.

छापील कागद मी दोनदा वाचले. मी मराठी चौथीपर्यंत शिकले आहे, हे तू विसरलेला दिसतोस.

पहिल्याच पानावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "राणीसरकारच्या अमदानीत, सन १८८१ साली, नीरा कालव्याच्या कामावरील एका गोऱ्या साहेबाने आमचे आजोबा कै. तात्याबा यांना मिठाच्या झिलईची विद्या दिली." कोण साहेब? त्याला नाव नाही? साहेबानं फक्त नळ मागवले होते. मातीचे नळ हवेत आणि ते पाझरता कामा नयेत, एवढं सांगून तो घोड्यावर बसून निघून गेला. आजोबांच्या तीन भट्ट्या वाया गेल्या. भाजलेले नळ घामेजल्यासारखे पाझरत होते. मग आपली आजी, फुलाबाई, म्हणाली, "भट्टीला दिष्ट लागलीया." चौथी भट्टी दगडी कोळशानं लालबुंद झालेली असताना तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, त्याही मूठभर नाही, चांगल्या पदरभर, आणि वरच्या भोकातून आत ओतल्या. आजोबा तिला मारायला धावले होते. भट्टी निवल्यावर बघतात तर त्या भोकाखालचे नळ काचेसारखे चकाकत होते आणि त्यांतून पाण्याचा थेंब झिरपत नव्हता. पुढच्या भट्टीत आजोबांनी मिठाचं पोतंच टाकलं. ही आपल्या घराण्याची विद्या. आजीनं ती दृष्ट काढताना शोधली.

ही हकिगत आजीच्या मांडीवर बसून तूही ऐकली आहेस. ती सांगताना ती दर वेळी आजोबांची नक्कल करायची आणि तू खिदळायचास. आणि आज तुझ्या चाळीस पानांत फुलाबाई हे नावसुद्धा नाही!

पुढचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. नळांनंतर आजोबांनी रेल्वेनं पांढरी माती मागवून लोणच्याच्या बरण्या काढल्या, खांद्यावर राणीच्या रुपयाचा ठसा दाबला, आणि इंदापुरात पाटी लावली, 'तात्याबा कुंभार अँड सन्स, चिनी मातीच्या व भाजक्या मातीच्या भांड्यांचे कारखानदार'. सन एकच होता, आपले अप्पा. पण साहेबाच्या पाटीवर 'सन्स' असतात म्हणून आजोबांनीही लावले. तिथपासूनच या पाटीनं खोटं बोलायला सुरुवात केली, असं म्हणायचं.

तिसरं प्रकरण 'अप्पांची एकाग्रता'. "कै. जोतीरामअप्पा चाकावर बसले की शेडचे दार आतून बंद असे. मी सहा वर्षांचा होतो. आई मला दाराजवळही फिरकू देत नसे." हे वाचून मी आधी हसले आणि मग मला रडू आलं. दार बंद असायचं, हे खरं. याहून जास्त आज लिहीत नाही.

आता पान बावीस. गळ्याखालच्या ज्या दोन रेघांवरून आपली बरणी जगात ओळखली जाते, त्या म्हणे आजोबांनी राणीच्या रुपयाच्या कडेवरून घेतल्या. रुपया हातात घेऊन बघ तरी, आहेत का त्याला दोन कडा? आणि त्याच्याखाली हे वाक्य: "आमच्या घराण्यातील एकाही स्त्रीने या पंचाहत्तर वर्षांत चाकाला स्पर्श केलेला नाही, हीच आमच्या मालाच्या शुद्धतेची खूण होय."

हे वाक्य काढ. ते काढेपर्यंत बरणी मिळणार नाही.

हे वाक्य तू कुणासाठी लिहिलंस, ते मला कळलं आहे. निमगावच्या बाजारात आपला जुना गडी भीमा भेटला होता. तुझी मुक्ता दुपारच्या सुट्टीत शेडमध्ये चाकावर बसते, तिनं चार बरण्या अशा काढल्या की तुझ्या कारागिरांनाही जमणार नाहीत, आणि तुला कळल्यावर तू शेडला कुलूप घालून तिच्यासाठी स्थळं बघायला लागलास, हे सगळं त्यानं सांगितलं. पोरीचा हात धरून तिला उठवलंस तेवढ्यानं भागलं नाही. आता तिच्या तोंडावर मारायला तुला इतिहास हवा आहे.

आशीर्वाद पुढच्या पत्रात.

म्हाळसाआक्का


शेळगाव,
ता. २२ जानेवारी १९५६

कुंडलिक,

तुझं उत्तर मिळालं. "आक्काच्या डोक्यात अजून चाकाचा राग आहे, म्हणून ती समारंभात विघ्न आणते." बरं झालं, तूच विषय काढलास.

व्हय, आहे राग. सात वर्षांपूर्वी कारखाना इंदापुराहून बारामतीला हलवताना तू जुनी भट्टी पाडलीस, इंजिनावर फिरणारी चाकं आणलीस. मी तोंडातून शब्द काढला नाही. मी फक्त अप्पांचं जुनं दगडी चाक मागितलं. तू चार माणसांत म्हणालास, "बाईच्या जातीला चाक कशाला? पोळ्या लाटायला?" सगळे हसले. तूही हसलास. माझे मालक शेजारी उभे होते, त्यांनी मला हाताला धरून गाडीत बसवलं. ते वारले तेव्हा तू तेराव्याला आलास आणि परक्यासारखा ओसरीवर बसून, चहासुद्धा न घेता निघून गेलास. माझं चाक आता तुझ्या ऑफिसात हळदकुंकू लावून ठेवलं आहे म्हणे. रोज सकाळी तुझी बायको लांबून फूल टाकते. लांबूनच, कारण शिवायचं नाही!

आता दुसरी गोष्ट. मुक्ता इथं आली आहे. तुझा तर्क बरोबर आहे. तीन दिवसांपूर्वी दुपारच्या एस.टी.नं एकटी आली. पिशवीत दोन लुगडी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा. मी विचारलं, "अगं, हे काय आणलंस?"

म्हणाली, "आत्या, कुलूप लावलं तवा एवढाच हाती लागला. वाळू नये म्हणून वाटंत तीनदा भिजवला."

तिच्या गालावर अजून बोटं उठलेली आहेत. सतरा वर्षांची, लग्नाला आलेली पोर आहे ती, कुंडलिक. अप्पांनी तुझ्यावर कधी हात उचलला होता?

मी तिला जेवायला वाढलं. जेवता जेवता मला म्हणते, "आत्या, दादांनी छापलेलं वाचून दावलं मला. म्हणाले, बघ, तुज्या आजीनं, पणजीनं, आत्यानं कुणी चाक शिवलं न्हाय. तूच एक कुळबुडवी निघालीस. खरंच माज्यातच काही खोट हाय का वं?"

तिनं मला हे विचारलं आणि मी तिला ताक वाढलं. तीन रात्री झाल्या, त्या ताकाची मला लाज वाटते आहे.

"बरणी आणि मुलगी दोन्ही ताबडतोब पाठवून द्यावे," असं तू लिहितोस, जसं मुनिमाला लिहावं. मुलीच्या अंगात ताप आहे, तो उतरल्यावर ती येईल. बरणीचं मी आधीच लिहिलं आहे. ते वाक्य छापून गेलं असेल तर पुसून काढ, कापून काढ, काय वाटेल ते कर.

म्हाळसा


शेळगाव,
ता. ३ फेब्रुवारी १९५६

कुंडलिक,

"पुराव्याशिवाय मी इतिहासातला शब्दही बदलणार नाही. आक्काला काही माहीत असेल तर स्पष्ट लिहावे. नसेल तर गप्प बसावे." हे तू मला लिहिलंस. मला! मी गप्प बसायचं! कुंडलिक, अडतीस वर्षं गप्प बसण्याखेरीज मी दुसरं केलं काय?

ऐक तर. अप्पांनी माझ्याकडून खंडोबाचा भंडारा उचलून घेतला होता की हे मी कुणाला सांगणार नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, पोरांना सांगितलं नाही. आज तुला लिहून ती शपथ मोडते आहे. पाप लागायचं ते मला लागू दे. मुक्ताच्या त्या प्रश्नाला ताक वाढून मी जे केलं, त्याहून मोठं पाप ते नसेल.

१९१८ साल. माझे मालक बसऱ्याच्या लढाईवर होते, म्हणून मी माहेरी इंदापुरात. त्या वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्या कारखान्यातले दोघं कारागीर आठ दिवसांच्या अंतरानं गेले. अप्पा वाचले, पण उठले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. गोळा चाकावर ठेवायचे आणि बोटं लागली की तो एका बाजूला कलायचा. पुण्याच्या व्यापाऱ्याला चारशे बरण्या कबूल केलेल्या. त्या दिल्या नाहीत तर भट्टी कायमची विझणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तुला नसेल, तू भोवरा फिरवत होतास.

मी लहानपणापासून अप्पांना माती देत आले होते. शेजारी बसून त्यांची बोटं बघत आले होते. एका दुपारी अप्पा जेवायला गेले असताना मी चाकावर बसले. का बसले, ते मला आजही सांगता येत नाही. गोळा मध्यावर धरला आणि तो हातात असा उभा राहिला, जणू माझी वाटच बघत होता. मागं वळून बघते तर अप्पा दारात. मला वाटलं, आता काठीच पडते पाठीवर.

अप्पांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "गळा जरा आत घे."

कुंडलिक, एवढंच म्हणाले ते. दुसऱ्या दिवसापासून अप्पा खाटेवर बसायचे आणि मी चाकावर. आपल्यात चाक म्हणजे महादेव. बाईचा हात लागला तर चाक बाटलं, भट्टी फुटते, असं मानणारी सगळी जात. बाहेर कळलं असतं तर माल परत आला असता, पंच बसले असते, आणि मला सासरी कुणी उभं केलं नसतं. म्हणून भीमा दाराबाहेर माती तुडवत बसायचा आणि कुणी आलं की खोकायचा. म्हणून आई तुला दाराजवळ फिरकू देत नव्हती. ही तुझ्या तिसऱ्या प्रकरणातली अप्पांची एकाग्रता! अप्पा खाटेवर बसून सुपारी कातरत असायचे.

आता रेघांचं ऐक. बाईला बांगड्या घालून चाकावर काम करता येत नाही. पण नवरा लढाईवर असलेल्या बाईनं हातातलं उतरवायचं कसं? आईनं साफ सांगितलं, "भट्टी गेली तरी चालंल, पर माज्या जावयाच्या नावाचं हातातलं उतरायचं न्हाय." मग काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सारून वरून फडकं बांधायचे. लग्नातले चांदीचे दोन गोठ मात्र घट्ट होते, ते वर सरकेनात. गळा काढताना उजवं मनगट बरणीच्या खांद्यावर टेकायचं आणि दोन गोठांच्या दोन रेघा उमटायच्या.

पहिली बरणी तशी निघाली तेव्हा अप्पा ती मोडायला निघाले होते. रेघासुद्धा सरळ नव्हत्या, वरची वाकडी आली होती. मी म्हटलं, राहू द्या, भट्टीत एक कोपरा भरेल. पुढच्या बरण्यांवरच्या रेघा मी ओल्या फडक्यानं पुसून काढत गेले. माल न्यायला व्यापारी आला तेव्हा त्यानं तोवर तयार झालेल्या दोनशे बरण्यांतून तीच उचलली. म्हणाला, "ही नवी नक्षी झकास आहे, सगळ्या अशाच द्या." त्याच बरणीनं पुढच्या साली पुण्याच्या प्रदर्शनात रुप्याचं पदक मिळवलं. अप्पांच्या नावावर. पदक घेऊन अप्पा घरी आले, देवापुढं ठेवलं आणि माझ्याकडं न बघता भंडाऱ्याची वाटी पुढं केली.

मालक लढाईवरून परत आले आणि मी शेळगावला आले. सासरी घागरी आणि कौलं. चाक मालकांचं, माती तुडवायची मी. मालक भले होते, त्यांना सांगितलं असतं तर कदाचित चाक दिलंही असतं. पण शपथ होती.

सहा महिन्यांनी अप्पा इथं आले. तोवर हात पुष्कळ सावरले होते, दोघं नवे कारागीरही ठेवले होते, पण गिऱ्हाईक दोन रेघांशिवाय बरणी घेईना. निमगावच्या बाजारात बाया रेघांवरून नख फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्या रेघा न्हाईत, मंग ही राणीछाप न्हवंच." अप्पांनी माझ्या सासूसमोर मला म्हटलं, "हात दाव पोरी." खिशातून दोरा काढून त्यांनी दोन गोठांमधलं अंतर घेतलं, गाठी मारल्या. मग गोठांच्या कडांची जाडी घेतली, एकेकीची वेगळी. सासू हरखून गेली. "याह्यांनी लेकीला पाटल्या करायचं मनावर घेतलंय वाटतं," म्हणाली. अप्पांनी दोरा खिशात घातला. त्या मापानं त्यांनी पुढं तारेची दोन दातांची फणी करवून घेतली. निघताना पिशवीतून ती पदकाची बरणी काढून माझ्या चुलीपाशी ठेवली आणि गेले. शाबासकी म्हणायची तर तेवढीच. मी तेवढ्यावर आयुष्य काढलं, आणि तू म्हणतोस "अप्पांच्या हातची बरणी" पाठवून दे!

तीच फणी तुझ्या ऑफिसात चाकाशेजारी मखमलीवर ठेवली आहे ना? "आजोबांनी सन १८८१ साली स्वतः घडविलेले पवित्र हत्यार," पान तेवीस. बाईनं शिवायचं नाही ते हत्यार. ते माझ्या मनगटाचं माप आहे, मूर्खा.

म्हाळसा


शेळगाव,
ता. १२ फेब्रुवारी १९५६

कुंडलिक,

तुझी तार मिळाली. "पुरावा काय." दोन शब्दांचे पैसे भरलेस, बरं केलंस.

भीमाला सांगितलं आहे, त्याच्याबरोबर बरणी गवतात बांधून पाठवते आहे. तुझ्या सूचनेबरहुकूम. बरणीच्या आत फडक्यात माझे दोन गोठ आहेत. मालक गेल्यापासून ते पेटीत पडून होते.

पुस्तकात तू लिहितोस की फणीचा वरचा दात बारीक आणि खालचा जाड आहे, यात आजोबांची सौंदर्यदृष्टी दिसते. आता गोठ बघ. दोन्ही सारखे नाहीत. लग्नानंतर पहिल्या वर्षी भीमा नदीवर धुणं धुताना माझा एक गोठ वाहून गेला. आईनं सोनाराकडून दुसरा करून घेतला, त्याची कड त्यानं जाड काढली. आई त्याच्याशी भांडून आली होती, तूही तिच्या कडेवर होतास. तो जाड गोठ हाताच्या पंजाकडं, बारीक मागं, असे दोन्ही एकमेकांना टेकवून धर आणि तुझी पवित्र फणी त्यांच्यावर बसवून बघ. मग दोन्ही बरणीच्या रेघांत बसवून बघ. एक केसाचाही फरक निघाला तर आहे तसं पुस्तक वाट, मी पुन्हा अक्षर लिहिणार नाही.

भीमालाही विचार. मी त्याला मोकळं केलं आहे. तो म्हणाला, "आक्का, अडतीस वरसं खोकला साठलाय गळ्यात. धाकल्या मालकापुढं एकदा मोकळा करतो."

मुक्ताला मी सगळं सांगितलं. तिनं माझा हात धरला, मनगट उलटं करून बघितलं आणि म्हणाली, "आत्या, मी दादांकडं जाते. पळून आले तशी न्हाय जात. भीमाकाकांसंगं, तुमची बरनी घिऊन जाते." तिला माझ्याकडं ठेवून घ्यावं असं मनात फार होतं. पण इथं चाक नाही. मालकांमागं ते पुतण्यानं विकलं. ज्या घरात चाक आहे तिथंच तिनं भांडायला हवं. तिच्या अंगाला पुन्हा हात लावलास तर समारंभाच्या दिवशी मी पाहुण्यांत पहिल्या रांगेत येऊन बसेन आणि मग काय बोलायचं ते माझं मी बघीन.

आक्का


शेळगाव,
ता. ५ मार्च १९५६

चि. कुंडलिक,

पुस्तक मिळालं. तुझं पत्रही मिळालं, त्याला पत्र म्हणायचं असेल तर.

समारंभाची हकिगत मला भीमानं सांगितली. तू ऑफिसचं दार लावून फणी आणि गोठ घेऊन बसलास. तो तासभर बाहेर उभा होता. मग तू बाहेर येऊन त्याला विचारलंस, "तू खोकायचास, ते मला आठवतंय. तुला दमा हाय असं आई का सांगायची?" आणि त्यानं सांगितल्यावर तू तिथं पायरीवर, सगळ्या गड्यांदेखत, खाली बसलास. तू सहा वर्षांचा होतास. तुला त्या दारापासून दूर ठेवलं त्यात तुझी काही चूक नव्हती.

पण पुस्तक उघडलं आणि पुन्हा डोकं फिरलं. पान बावीसवर ते वाक्य नाही. तिथं कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आहे. पाचशे पुस्तकं छापून झाली होती म्हणून तू मुक्ता आणि भीमाला खळीचं पातेलं देऊन दोन दिवस पट्ट्या चिकटवायला बसवलंस. नुसती कोरी पट्टी! तिच्यावर एक नाव छापायला शाई संपली होती? माझं नको, आजीचं? फुलाबाई, चार अक्षरं. पहिल्या पानावरचा तो बिननावाचा साहेब अजून घोड्यावर बसलेला आहे, त्याला तरी खाली उतरवायचास. आणि आजोबांचं ते पवित्र हत्यार पान तेवीसवर तसंच. पुढच्या खेपेला पुस्तक छापशील तेव्हा हे सगळं मला हवं आहे. मी तोवर मरणार नाही, काळजी करू नकोस.

तुझं पत्र एका ओळीचं. "आक्का, शेडचं दार उघडं ठेवलं आहे." एवढंच. चूक झाली नाही, माफ कर नाही, आक्काच्या पायावर डोकं नाही. अप्पांचा मुलगा शोभतोस. मी ती ओळ किती वेळा वाचली ते तुला सांगणार नाही.

आणि पार्सल मिळालं. गवतात नीट बांधलेलं होतं. मुक्ताच्या हातची बरणी, समारंभानंतरच्या पहिल्या भट्टीतली. भीमा म्हणाला, दार सताड उघडं होतं, कारागीर बघत उभे होते, एक जुना कारागीर काम सोडून गेला, आणि तू त्याला थांबवलं नाहीस. मुक्ताच्या हातात माझे गोठ होते. विधवेचं हातातलं कुमारिकेच्या हातात म्हणून तुझी बायको कुरकुरली तेव्हा तू म्हणालास म्हणे, "ते आईनं दिलेले हायेत." हे बरोबर बोललास.

गोठ परत पाठवू नकोस. मुक्ताच्या लग्नाची घाईही करू नकोस. तिचं तिला ठरवू दे, आणि जिथं देशील तिथं चाक आहे का, ते आधी विचार.

बरणी चुलीपाशी ठेवली आहे, जुन्या बरणीच्या जागी. जुनी तुझ्याकडंच राहू दे, पण टेबलावर मांडशील तेव्हा शेजारी कुणाच्या हातची ते लिहून ठेव. या नव्या बरणीवरून मी बोट फिरवून बघितलं. खालची रेघ सरळ आहे. वरची जरा वाकडी आली आहे. कारागीर सांगतील, पोरीला फणी द्या. कुणाला देऊ देऊ नकोस. माझीही वाकडीच आली होती.

अनेक आशीर्वाद.

तुझी,
म्हाळसाआक्का